हळदीतलं लोकरीचं फूल

दसऱ्याचं धुनं निघालं की घरातलं समदं बाहीर येतं. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. पैलं आमी हे वढ्यावर न्यायचो आन् दगडावर आपटायचो. आता लेकाच्या घरी सेलूला मशीन हाय. ती घरघर करती आन् पिळून देती. पन घोंगडं काई मशीनीत जात न्हाई. घोंगड्याला ऊनच पाह्यजे.

ते माज्या बापाचं घोंगडं. काळंभोर, काठाला पांढरी रेघ. पाऊस लागला की अजूनबी त्याला मेंढराचा वास येतो. दर दसऱ्याला ते मीच झटकायचे, कुनाला हात लावू द्यायचे न्हाई. औंदा खांदा वर जाईना म्हनून नातीनं घेतलं. वैशू तिचं नाव, कालेजात जाती. गच्चीवर दोरीवर टाकून ती काठीनं बडवायली व्हती. बडवता बडवता थांबली. काठाच्या दशांत काईतरी अडकलेलं व्हतं, ते सोडवून तिनं तळहातावर घेतलं.

"आजी, हे पिवळं काय हाय?"

"कचरा हाय. दी टाकून."

तिनं टाकलं न्हाई. उन्हात धरून बगितलं. मग हसायला लागली. "थांब, थांब. हे त्या येड्या पनजोबाचं फूल तर न्हाई? मासे हाकायचा तो? धाकले आजोबा सांगायचे बग, लग्नात."

मला वाटलं, भर पंगतीत कुनीतरी माजा पदर वढला. मी उगंच वाळलेल्या उशा पालथ्या करायला लागले. त्या पालथ्याच व्हत्या.

*

आमचं म्हायेर वालूरच्या शिवारात, वढ्याच्या काठाला. घर म्हनजे कुडाचं, आन् म्होरं मेंढराचा वाडा. वढ्याला डोह व्हता, आन् डोहावर एक बाभळ इतकी वाकलेली, का तिच्यावरून चालत पान्यावर जावं. पंचमीपासून दसऱ्यापातुर ती बाभळ फुललेली असायची. बाभळीचं फूल बगितलंय ना? पिवळं, गोल, रेशमाच्या गोंड्यावानी. वारा आला की ते गोंडे पान्यावर पडायचे आन् हळूहळू वाहत जायाचे. मग खालून रोहू यायचा. त्याचं काळं तोंड वर दिसायचं. 'चप्प' आसा आवाज व्हायाचा आन् फूल गायब.

आबा म्हनजे माजा बाप. तो मेंढरं पान्यावर सोडायचा आन् हेच बगत बसायचा. दुसरी लोकं गळाला गांडूळ लावायची. आबा म्हनायचा, "एका जिवापायी दुसरा जीव कामून टोचायचा?" म्हनून त्यानं आपली रीत काढली. पांढऱ्या मेंढीची लोकर घ्यायची, ती हळदीच्या पान्यात भिजवायची, वाळवायची, आन् गळाभवती गुंडाळून तिचं फूल करायचं. बाभळीच्या फुलात अन् त्या फुलात मलाबी फरक कळायचा न्हाई, माशाला काय कळनार.

काठी त्याची मेंढरामागची. दोरी अंबाडीची, मेन चोळलेली. पन दोरीच्या शेवटाला वीतभर माजे केस. माय माजी वेनी घालायची तवा फनीत जे केस निघायचे, त्याचं गुंतवळ करून कुडाच्या भोकात खोचायची. सुया-बिब्बे इकनारी बाई यायची, तिला गुंतवळ दिलं की ती सुया द्यायची. आबाचाबी त्याच गुंतवळावर डोळा. केस एकावर एक वळून तो त्याची बारीक दोरी करायचा. पान्यात केस दिसत न्हाई, माशाला वाटतं फूल मोकळंच पडलंय.

त्यावरून रोजचं भांडान.

"पोरीचे केस पान्यात सोडता व्हय? कुनी करनी केली म्हंजी?"

"आगं, मासा काय करनी करतोय?"

"मंग सुई कशानं आनू? तुमच्या माशाच्या काट्यानं शिवू का लुगडं?"

"शिव की. बारीक टाका बसंल."

माय त्याच्यावर लाकूड उगारायची आन् हसायची. तिला हसताना वरचा दात पडलेला दिसायचा.

मासा घरात शिजायचा न्हाई. बाहीर बाभळीखाली तीन दगड, त्यावर येगळं मडकं. माय पाट्यावर मिरची वाटायची, भाजून दळलेला येसराचा मसाला घालायची. येसर रश्श्यात पडला की त्याचा वास वढ्याच्या पल्याड जायचा. मुंडकं हमेशा मायचं. ती ते लय येळ चोखायची, डोळे मिटून, जनू कुनी तिला कानात काई सांगायलंय. आमी बगत बसायचो, का आता तिचं व्हईल तवा उठू.

आन् मग हाताचा वास. राखंनं घासा, लिंबाचा पाला चोळा, शेनात हात घाला, तरी जायाचा न्हाई. मी वालूरच्या शाळंत जरा दिवस गेले. पोरी माज्याजवळ बसायच्या न्हाईत. "आली बाई डोहातली," म्हनायच्या. मी दोन्ही हात परकराखाली घालून बसायचे. मास्तरनं इचारलं तरी हात वर करायचे न्हाई. तसंच शिकनं ऱ्हायलं.

*

मला मागनं आलं ते चारठान्याकडचं. आमच्यातलेच, पन जमीन असलेले, आन् घर माळकऱ्याचं. तिथं अंडंसुद्धा शिवत न्हाईत. सासरा आला तो आंगनात बसला, पानी घेतलं न्हाई. म्हनला, "पोरगी पसंत हाय. पन आमच्यात सोयरीक करायची तर तुमच्या दोघांच्या गळ्यात माळ पाह्यजे. न्हाईतर तुमच्या घरचं पानी आमाला चालनार न्हाई. आन् एकदा का माळ घालून इटाळली आसं कळलं, तर लेक तुमची तुमच्या दारात."

आबानं मायकडं बगितलं. मायनं बाहीरच्या त्या मडक्याकडं बगितलं. मग दोघांनी माळ घातली.

गळ आबानं वढ्यात फेकले न्हाईत, मासा गिळंल म्हनून. दगड घेतला आन् एकेक गळ बाभळीच्या बुंध्यात ठोकून टाकला. ठक ठक आवाज यायचा, आन् मी घरात हळद लावून बसलेली. अंगाला हळदीचा वास. पैल्यांदा माज्या हाताला माशाचा वास न्हवता. मला बरं वाटत व्हतं. हे सांगायची शरम वाटती, पन बरं वाटत व्हतं.

*

मग एक साल वंगाळ आलं. मेंढरात रोग आला. वाड्यात मेंढरं व्हती तिथं गवत उगवलं. मी पंचमीला म्हायेरी आले तर आबाच्या छातीची हाडं मोजावी आशी, आन् माय आंथरुनावर. खायाला तरोट्याची भाजी, घोळाची भाजी, जवारीच्या कन्या. मायला त्यातलं काईच जात न्हवतं. पेज केली तर तोंड फिरवायची. वढ्याला मात्र पानी भरून व्हतं. बाभळ फुललेली. दिवसभर आवाज यायचा, चप्प, चप्प.

एका सांजंला माय डोळे मिटूनच म्हनली, "रस्सा प्यावा वाटायलाय. येसराचा. मुंडकं चोखावं वाटायलंय वो."

आबा उंबऱ्यात बसला व्हता. मायनं डोळे उघडले, तर म्होरं मी. लगीच तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला. "उगंच बरळले. ताप हाय. तू मनावर घिऊ नगंस, बाई. म्या काई मागितलं न्हाई."

गळ्यातली माळ चाचपून बगितली तिनं, जनू ती ऐकत व्हती.

मी मासा धरा म्हनले न्हाई, नगा म्हनले न्हाई. पोटात माजं पैलं लेकरू व्हतं. दारात आनून सोडलेल्या बाया मी बगितल्या व्हत्या. मी चूल फुकत बसले. धूर लय झाला म्हनून डोळे पुसले.

सकाळी आबा म्हनला, "घरात हळद हाय का?"

माज्या लग्नातली उरलेली व्हती, गाडग्यात. त्यानं ती पान्यात कालवली, लोकर भिजवली, उन्हात धरली. माज्या फनीतले केस मागितले. मला वाटलं, माळ तुटली आता. मी त्याच्या हाताकडं बगत ऱ्हायले. फूल केलं त्यानं. दोरीला बांधलं. पन गळ लावलाच न्हाई. नुसतं फूल.

मग त्यानं मायला घोंगड्यात गुंडाळलं आन् पाठीवर घेतलं, कोकरू घेतात तसं. ती इतुकीशी झाली व्हती. डोहाच्या काठाला बाभळीला टेकून तिला बसवलं. मी बाजूला बसले, तिला धरून. आबानं काठी फिरवली. फूल हवंत गेलं आन् पान्यावर बसलं, कुनी हातानं ठिवावं तसं.

काई येळ नुसतं पानी. मग खालून सावली आली. काळं तोंड. चप्प. दोरी ताठ झाली, आबानं वढली न्हाई. माशानं फूल चघळलं आन् थुकून टाकलं.

"लय मोठा हाय वो," माय म्हनली.

"हाय की."

"याला येसर लय लागला असता."

"मीठबी."

"मडकं पुरलं नसतं. शेपूट बाहीर राह्यलं असतं."

"मंग शेपूट या पोरीला दिलं असतं."

माय हसली. तो पडलेला दात दिसला. "आनखी एकदा टाका," म्हनली.

आबानं टाकलं. आनखी एकदा, आनखी एकदा. डोहातले मासे यायचे, फूल धरायचे, सोडायचे. दोघांनी बसल्या जागी तोंडानं सगळा सैपाक केला. मिरची किती, कांदा भाजायचा का न्हाई, भाकरी जवारीची का बाजरीची. मायच्या घशाची घाटी वरखाली हालताना मी बगितली. मी मान फिरवली. ते कुनी बगायचं नसतं.

*

तेवढ्यात दरडीवरून आवाज आला. "मामा! माळ गळ्यात आन् गळ पान्यात व्हय?"

माजा धाकला दीर. मला न्यायला आला व्हता. घरी कुनी दिसलं न्हाई म्हनून वढ्याकडं आला.

मायनं घोंगडं झपकन तोंडावर वढून घेतलं. इवायाच्या मानसाम्होरं या दशेत कसं दिसावं, आन् तेबी माशाच्या डोहाकाठी. ती मुटकुळं करून तशीच पडली. हालली न्हाई. मी उठून डोक्यावर पदर घेतला.

दीर खाली उतरला. आबानं दोरी गुंडाळून फूल त्याच्या तळहातावर ठिवलं. "बगा पाव्हनं. लोकर हाय. गळ न्हाई."

दिरानं दोन बोटांनी दाबून बगितलं. उलटं केलं, सुलटं केलं. "मग करायलता काय?"

"मासे बगायलतो."

"आन् ते तिथं घोंगड्यात काय झाकलंय? धरलेलं दिसतंय." त्यानं घोंगड्याकडं पाय टाकला.

घोंगडं उचललं असतं तर आत माय. मग इचारलं असतं, आजारी बाईला डोहावर कामून आनलं? तिला काय खायाचं मन झालं व्हतं? सासऱ्याची बोली मला पाठ व्हती.

आबा म्होरं झाला. दिराच्या हातातलं फूल हिसकून घेतलं, पान्यात फेकलं आन् मेंढरं हाकतात तसा वरडायला लागला. "हुर्र्र, या गं बायांनो! या, पानी प्या! हुर्र्र! ती काळी मागं ऱ्हायली, पाव्हनं, तिला वळवा, तिला वळवा की!" काठी आपटत तो गुडघाभर पान्यात शिरला. धोतर सुटलं त्याचं. "मेंढरं मेली तर काय झालं, ही बगा, ही बगा किती हायेत!"

दीर आधी मागं सरला. मग हसायला लागला. पोट धरून हसला. "वैनी, तुमच्या बापाला येड लागलंय की वो! चला, बिगीबिगी आवरा." घोंगड्याचं त्याच्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई.

निघताना आबानं मला पानी द्यायच्या निमतानं कुडाआड बोलावलं. त्याचे पाय चिखलानं भरलेले. म्हनला, "मायचं नाव काढू नगंस. मला येडं म्हनू दे. येड्याला काई लागत न्हाई."

दसऱ्याच्या आत माय गेली. मला सांगावा उशिरा आला.

*

ती गोष्ट मात्र माज्या आधी सासरी पोचली. लय वर्सं पुरली ती. लग्न असो, बारसं असो, सप्त्याची पंगत असो, जेवनं झाली की कुनीतरी म्हनायचंच, "सांग रे ते, मासे हाकनाऱ्या इवायाचं." दीर उठायचा, धोतर सोडल्यावानी करायचा, काठी आपटायचा, "हुर्र्र, या गं बायांनो!" लोकं लोळायची. दर बारीला त्यात काईतरी नवं यायचं. कवा मासे मोजायचा, कवा माशाची लोकर कातरायचा. माय मात्र त्या गोष्टीत कवाच आली न्हाई. काठाला एक घोंगडं पडलेलं असायचं, नुसतं.

मी वाढायचे. वरनाची बादली हातात, आन् लोकं हसायची तवा मीबी पदर तोंडाला लावून हसायचे. न्हाई हसले तर कुनीतरी इचारलं असतं. माजा मालक हसला, लेकरं हसली. लेक मोठा झाला, मास्तर झाला, त्यानं ती आपल्या लेकराला सांगितली, झोपताना.

आबा एकदाच आला सासरी. लेकरांनी घेरला. "आजा, मासे किती झाले?"

"मोजले न्हाईत बाबा. चरायला गेलेत," आबा म्हनला, आन् माज्याकडं बगितलं. त्या बगन्यात राग असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर घोंगडं माज्याकडं आलं. पान्यातून काढलेलं ते फूल आबानं काठाच्या दशीत गुतवून ठिवलेलं. दर दसऱ्याला मी घोंगडं झटकायचे, फूल सोडवायचे, झटकून झालं की परत दशीत गुतवायचे. हळदीचा रंग जरासा उतरलाय. त्याला वास कशाचाच न्हाई आता. मी हुंगून बगते ना, म्हनून सांगते.

*

दुसऱ्या दिवशी मी वैशूला म्हनले, "गाडी काढ. घोंगडं घे. वालूरला जायाचंय."

"कुनाकडं?"

"कुनाकडं न्हाई."

स्कुटीवर ती म्होरं, मी मागं, मधी घोंगडं. वाटंनं ती सारखी इचारायची, "आजी, खरंच काठी आपटायचा का गं?" आन् हसायची. मी म्हनायचे, म्होरं बग.

कुडाचं घर कवाच गेलं. वाड्याच्या जागी सोयाबीन हाय. वढ्यावर बंधारा झालाय, म्हनून डोह हाय तसा हाय, उलट जरा रुंदच. ती वाकलेली बाभळ न्हाई. कापताना करवतीला ते गळ लागले आसतील, हे काय हाय म्हनून कुनाला कळलं आसंल का. तिच्या जागी दुसरी हाय, तिची पोरगी म्हना. फुललेली. पान्यावर पिवळे गोंडे पडलेले.

मी काठाला बसले. घोंगडं पांघरलं. वैशूला म्हनले, "दरडीवर जा. तिथून मला बग." ती गेली. मी घोंगडं तोंडावर वढून मुटकुळं केलं.

"काय दिसतंय?"

"काय दिसनार? घोंगडं. गाठुडं."

"त्या दिवशीबी आसंच दिसलं. आत माजी माय व्हती."

मग दगड घरंगळल्याचा आवाज आला, ती पळत खाली आली. माज्याजवळ बसली. मी घोंगड्याच्या आतूनच सगळं सांगितलं. रश्श्याचं, माळंचं, गळ न लावल्याचं. तोंड झाकलेलं व्हतं म्हनून सांगता आलं. सांगून झालं तवा तिनं घोंगडं बाजूला केलं न्हाई. वरून हात ठिवला, नुसता.

मग मी दशीत परत गुतवलेलं फूल काढलं. जुना दोरा कुजलेला व्हता. वैशूनं माज्या डोक्यातले चार केस उपटले, पांढरे, आन् वळले. मी सांगितलं तसं वळले. बाभळीची फांदी घेतली, तिला दशीचा दोरा, शेवटाला ते केस. पैल्यांदा टाकलं ते तिच्याच केसात अडकलं. दुसऱ्यांदा काठालाच पडलं. मग फूल पान्यावर बसलं.

आमी दोघी बगायलतो. खालून सावली आली. काळं तोंड. चप्प. वैशूनं श्वास घेतला तो सोडलाच न्हाई. माशानं फूल चघळलं, थुकलं, आन् खाली गेला. पान्यावर गोल गोल वलयं ऱ्हायली.

बंधाऱ्यावरून फटफटी चालली व्हती, दोन जन बसलेले. ते थांबले. एक जन वरडला, "ओ ताई, घावलं का काई? गळ तर दिसंना!" दुसरा म्हनला, "आन् ते गाठुडं कशाचं? धरलेले झाकलेत का?"

माजा हात आपसूक घोंगड्याच्या काठाला गेला, तोंडावर वढायला. मायचा गेला तसाच.

वैशू उठून उभी ऱ्हायली. "गाठुडं न्हाई," ती वरडली, पार बंधाऱ्यापर्यंत ऐकू जाईल आशी. "माजी आजी हाय. तिला मासे बगायचेत."

ते दोघं जरा येळ बगत ऱ्हायले. मग फटफटी सुरू करून गेले. हसले का न्हाई, ते मी बगितलं न्हाई. हात मी खाली घेतला. तोंडावर ऊन आलं.

वैशूनं दोरी गुंडाळली. पिवळं फूल पान्यानं जड झालं व्हतं, ते तिनं फुंकून मोकळं केलं. "आजी, आनखी एकदा टाकू का?"

"टाक," मी म्हनले.